जखमेचा पत्ता पांढऱ्या पेशीला कसा कळतो?

गेल्या पावसाळ्यात व्हाउचरचा गठ्ठा बांधताना माझ्या बोटात टाचणी घुसली. दुसऱ्या दिवशी बोट लाल, गरम आणि सुजलेले. तिसऱ्या दिवशी ठणका व पू. शेजारच्या एका वडीलधाऱ्या मावशींनी लगेच निदान केले, "रक्त खराब झालंय तुझं." मी कलाशाखेचा पदवीधर. शरीरशास्त्राशी संबंध शाळेतच सुटला. तरीही हे 'खराब रक्त' म्हणजे काय, या कुतूहलापोटी थोडे वाचले, डॉक्टरांना विचारले. त्यातले समजले तेवढे सभासद बंधुभगिनींपुढे, विशेषतः विद्यार्थ्यांपुढे ठेवतो.

लाली, उष्णता, सूज व वेदना ही दाहाची चार लक्षणे सेल्सस या रोमन ग्रंथकाराने इसवी सनाच्या पहिल्या शतकातच नोंदवली होती. पण तेथे प्रत्यक्षात काय घडते हे समजण्याच्या दृष्टीने १८८२ साल महत्त्वाचे ठरले. इल्या मेचनिकॉफ हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ तेव्हा इटलीतील मेसिना येथे राहत होता. घरची मंडळी सर्कस पाहायला गेली असताना त्याने ताराफिश या सागरी प्राण्याच्या पारदर्शक अळ्यांमध्ये गुलाबाचे काटे टोचले. सकाळी पाहतो तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा वेढा पडलेला! या कार्यासाठी १९०८ साली त्याला पॉल एर्लिक यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

आता खरा प्रश्न असा की, ना डोळे, ना कान, मग या पेशींना वाट कोण दाखवते?

रक्ततपासणीच्या कागदावर आपण 'न्यूट्रोफिल' हा शब्द वाचतो. प्रौढ माणसाच्या पांढऱ्या पेशींत निम्म्याहून अधिक याच असतात. टाचणी घुसली की त्या जागी आधीपासून पहारा देणाऱ्या पेशी रासायनिक द्रव्ये सोडतात. आसपासच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून लाली व उष्णता. त्यांच्या भिंती सैल होऊन द्रव बाहेर झिरपतो, म्हणून सूज. याच वेळी बारीक शिरांच्या आतल्या भिंतीवर चिकट रेणू उगवतात. रक्ताबरोबर वेगाने वाहणारी न्यूट्रोफिल त्यांना अडखळते, भिंतीवरून गडगडत जाते, मग घट्ट चिकटते आणि भिंतीच्या पेशींमधल्या फटीतून अंग चोरून बाहेर पडते. म्हणजे बोटाची सूज हा नुसता बिघाड नव्हे. मदतीसाठी केलेल्या रस्त्याच्या खोदकामाचाच तो भाग आहे.

बाहेर पडल्यावर पुढचा मार्ग रसायनांच्या माग काढण्याचा. चाळीत कोणाच्या घरी सुकट भाजत आहे हे शोधायचे तर आपण चार पावले इकडे, चार पावले तिकडे जाऊन वास कुठे वाढतो ते पाहतो. न्यूट्रोफिलला तेवढेही चालावे लागत नाही. तिच्या अंगभर वास घेणारे रेणू असतात. एका टोकाला रसायन किंचित जास्त आणि दुसऱ्याला किंचित कमी, एवढा फरक तिला पुरतो. पेशीची लांबी मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाएवढी, आणि दोन टोकांतला फरक एखाद-दोन टक्के असला तरी तिला दिशा कळते! मग जास्त वासाच्या बाजूने ती आपले अंग पुढे ढकलते व मागची बाजू आवळून घेते. हे 'वास' अनेक प्रकारचे: जंतूंच्या प्रथिनांचे तुकडे, आपल्याच पेशींनी सोडलेले इंटरल्यूकिन-८, शिवाय आधी पोहोचलेल्या न्यूट्रोफिलने मागच्यांना घातलेली साददेखील. जंतू सापडला की ती त्याला गिळते, आणि बहुधा तिथेच मरते. माझ्या बोटातला पू म्हणजे मुख्यतः अशा मेलेल्या पेशींचा ढीग. मावशींना हे सांगितले. त्यांना पटले असे दिसले नाही.

हे सगळे का महत्त्वाचे, ते एका दुर्मीळ जन्मजात आजारावरून कळते. त्यात न्यूट्रोफिलच्या अंगावरचा भिंतीला घट्ट चिकटणारा रेणू सदोष असतो. अशा बाळाच्या रक्तात पांढऱ्या पेशी कमी नसतात. उलट खूप वाढलेल्या असतात. पण त्या रक्तातच फिरत राहतात, बाहेर पडू शकत नाहीत. जंतुसंसर्ग वारंवार होतो, जखमा भरत नाहीत, आणि पू मात्र होत नाही! पू नाही म्हणून घरच्यांना जखम किरकोळ वाटते, हा त्यातला मोठा धोका. तीव्र स्वरूपात अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण हाच कायमचा प्रमुख उपाय असतो, म्हणून निदान लवकर व्हावे लागते.

त्याची पहिली खूण घरातच दिसू शकते. बाळाची नाळ साधारणपणे एक-दोन आठवड्यांत गळून पडते, आणि ती गळण्याच्या कामातही याच पेशींचा हात असतो. तीन आठवडे उलटूनही नाळ पडली नाही, तर प्रत्येक वेळी हाच आजार असतो असे नाही. पण बाळाला बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे, आणि नाळेची तारीख त्यांना आवर्जून सांगावी.