नवा कोच, तीच टीम: विदर्भाच्या रणजी विजयातून दुकानदारानं काय घ्यावं?



मागच्या लाइव्हमध्ये एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत तिघांनी विचारला. एकानं वडिलांचं किराणा दुकान हातात घेतलंय. एका ताईंनी चालू ब्युटी पार्लर विकत घेतलंय, कामाच्या मुलींसकट. तिसऱ्यानं राहुरी फॅक्टरीला दुसरी शाखा काढून तिथं मॅनेजर बसवलाय. तिघांचा प्रश्न हाच: "सर, नवा माणूस आल्यावर पहिल्या वर्षी काय बदलायचं आणि काय नाही?"

लाइव्हमध्ये दोन मिनिटांत उत्तर दिलं, पण मलाच ते पटलं नाही. म्हणून आज सविस्तर लिहितोय, आणि उदाहरण घेतोय क्रिकेटचं. आपल्या भागात क्रिकेट कुणाला समजवावं लागत नाही. झहीर खान आपल्या शेजारच्या श्रीरामपूरचा, अजिंक्य रहाणे संगमनेर तालुक्यातल्या आश्वीचा. पण आजची गोष्ट नगर जिल्ह्यातली नाही, विदर्भाची आहे. नवा कोच आला आणि पहिल्याच सीझनमध्ये टीम चॅम्पियन झाली, अशी गोष्ट.

गोष्ट थोडक्यात

रणजी करंडक म्हणजे राज्यांच्या आणि क्रिकेट संघटनांच्या टीमची देशातली सर्वांत मोठी स्पर्धा. आपल्या महाराष्ट्रातून तिथं तीन टीम खेळतात: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. मुंबईनं हा करंडक चाळीसहून जास्त वेळा जिंकलाय. विदर्भ १९५७-५८ पासून खेळत होता आणि २०१७ पर्यंत एकदाही फायनलला पोचला नव्हता. साठ वर्षं! म्हणजे आजोबांनी दुकान टाकलं, नातू गल्ल्यावर बसला, तरी पाटी गल्लीबाहेर कुणाला माहीत नाही, अशातली गत.

२०१७-१८ च्या सीझनला विदर्भानं चंद्रकांत पंडित यांना कोच म्हणून आणलं. भारताचे माजी विकेटकीपर, ५ टेस्ट आणि ३६ वनडे खेळलेले, कडक शिस्तीचे म्हणून प्रसिद्ध. त्याआधी ते मुंबईचे कोच होते. त्यांच्या हाताखाली मुंबईनं २०१५-१६ ला करंडक जिंकला आणि पुढच्या वर्षी फायनल हरली. त्यानंतर मुंबईनं कोच बदलला. दोन वर्षांत दोन फायनल देणारा माणूस मोकळा झाला आणि विदर्भानं त्याला घेतलं.

पुढं काय झालं? विदर्भ गटात पहिला आला. क्वार्टर फायनलला केरळला हरवलं, सेमीफायनलला कर्नाटकला, आणि इंदूरच्या होळकर स्टेडियमवर फायनलला दिल्लीला ९ विकेटनं. तारीख १ जानेवारी २०१८. त्याच सीझनला मुंबई क्वार्टर फायनललाच कर्नाटककडून डावानं हरली, तेही नागपूरला.

हे ऐकलं की आपल्या डोक्यात लगेच येतं, "चांगला मॅनेजर आणला की धंदा पळतो." थांबा. आत काय काय झालं ते बघू.

१. पाया आधीच भरलेला होता

पंडित आले तेव्हा जामठ्याचं मोठं स्टेडियम होतं, ते २००८ पासून. विदर्भ क्रिकेट असोसिएशननं तरुण पोरं तयार करण्यावर कित्येक वर्षं खर्च केला होता. टीम त्याआधी क्वार्टर फायनलपर्यंत जाऊन आली होती. म्हणजे दुकान चालू होतं, माल होता, गिऱ्हाईक होतं. अडकत होतं ते शेवटच्या टप्प्यात.

नव्या माणसाला पहिल्या वर्षी यश कधी मिळतं? अर्धवट भरलेली विहीर असते तेव्हा. कोरड्या विहिरीवर कितीही भारी मोटर बसवा, पाणी येत नाही. ज्यांच्या दुकानात मालच नाही, उधारी वसूल होत नाही, जागा चुकलीय, त्यांनी मॅनेजर शोधण्याआधी ते तीन प्रश्न सोडवावेत. जास्त पगाराचा माणूस त्या खड्ड्यात फक्त अजून एक खर्च होतो.

२. जुनी माणसं काढली नाहीत, कामाला लावली

कॅप्टन फैज फजल. यानं रणजीची सुरुवात विदर्भाकडूनच केली होती, २००३ साली. नव्या कोचच्या सीझनला त्यानं ९१२ रन काढले. वसीम जाफर ३९ वर्षांचा. बाहेरून कुणी म्हणालं असतं, "आता काय, म्हातारा घोडा." फायनलला फजलनं ६७ आणि जाफरनं ७८ केले. पुढच्या सीझनला तर जाफरनं हजाराच्या वर रन काढले आणि विदर्भ पुन्हा चॅम्पियन झाला.

फायनलमध्ये सर्वांत मोठी खेळी कुणाची? विकेटकीपर अक्षय वाडकरची, १३३. तो खाली बॅटिंगला यायचा, टीममध्ये नवाच होता. त्याच्याबरोबर आदित्य सरवटे ७९ आणि सिद्धेश नेरळ ७४. हे दोघं मुळात बॉलर. दिल्लीच्या २९५ ला उत्तर म्हणून विदर्भानं ५४७ केले, आणि त्यातला मोठा वाटा शेपटानं उचलला.

धंद्याच्या भाषेत सांगतो. काउंटरवरच्या माणसाला गोडाऊन माहीत आहे, डिलिव्हरीच्या पोराला बिल करता येतं, तेव्हा दुकान एका माणसावर अडत नाही.

३. हुकमी माणूस नाही, तरी मॅच आहे

उमेश यादव हा विदर्भाचा सर्वांत मोठा बॉलर. फायनलच्या वेळी तो भारतीय टीमबरोबर दक्षिण आफ्रिकेला. त्याच्या गैरहजेरीत आदित्य ठाकरे नावाच्या १९ वर्षांच्या पोराला संधी मिळाली. आयुष्यातली पहिली प्रथम श्रेणी मॅच, थेट रणजी फायनल! आणि पहिल्याच डावात त्यानं विकेटही काढल्या.

मुख्य काम केलं रजनीश गुरबानीनं. सिव्हिल इंजिनिअर झालेला मुलगा. फायनलच्या पहिल्या डावात ५९ रनमध्ये ६ विकेट, त्यात हॅटट्रिक, आणि तिन्ही बोल्ड. सहा मॅचमध्ये सीझनच्या ३९ विकेट.

आता स्वतःला विचारा. तुमचा हुकमी माणूस ऐन लगीनसराईत आठ दिवस आला नाही, तर कोण उभं राहणार? त्या माणसाचं नाव आज तुमच्याकडे तयार आहे का? नसेल तर तुमच्याकडे टीम नाही, एक माणूस आणि त्याचे मदतनीस आहेत.

४. सीझन ठरला तो एका सकाळी

कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवरची सेमीफायनल बघा. पहिल्या डावात विदर्भ १८५ ला ऑलआउट. कर्नाटकचे ३०१. म्हणजे ११६ रननं मागं. दुसऱ्या डावात विदर्भानं ३१३ केले, गणेश सतीशचे त्यात ८१. कर्नाटकला जिंकायला १९८ हवे होते.

चौथ्या दिवशी संध्याकाळी कर्नाटक ७ बाद १११. सगळ्यांना वाटलं, संपलं. पण पाचव्या दिवशी सकाळी कर्नाटकच्या शेवटच्या फलंदाजांनी एकेक करत १९२ पर्यंत नेलं. गुरबानीनं उरलेल्या तिन्ही विकेट काढल्या आणि विदर्भ ५ रननं जिंकला. फक्त ५.

म्हणून म्हणतो, निकालावरून शहाणपण ठरवू नका. दोन चौकार इकडेतिकडे झाले असते तर "नव्या कोचनं काय दिवे लावले" असं म्हणायला लोक मोकळे होते. कोच तोच, मेहनत तीच. पहिल्या वर्षी नव्या माणसाला मोजायचं तर त्याच्या सवयी मोजा: वेळेवर शटर उघडतं का, स्टॉक जुळतो का, तक्रार आली तर त्याच दिवशी फोन जातो का. नफा थोडा उशिरा दिसतो.

माझी चूक, जी मला महागात पडली

हे सगळं मी आज शहाण्यासारखं सांगतोय. मी स्वतः काय केलं ते ऐका.

बीबीए करून मी देवळाली प्रवऱ्याला आमच्या दुकानात बसलो. पाइप, मोटर, हार्डवेअरचं दुकान. वडिलांच्या काळापासून काउंटरला एक काका होते. कॉम्प्युटर येत नव्हता, पण डोक्यात सगळं. कुणाच्या बोअरला किती एचपीची मोटर आहे, कुणाच्या मळ्यात अडीच इंची लाइन आहे, कोण उसाचं बिल आलं की लगेच देतो आणि कुणाला दोनदा आठवण करावी लागते. शेतकरी नुसतं म्हणायचा, "काका, तो मागच्या वेळचा व्हॉल्व्ह," आणि काका हात घालून तोच काढायचे.

मी आल्या आल्या एका महिन्यात तीन गोष्टी केल्या. वही बंद, कॉम्प्युटर बिलिंग चालू. सगळे रॅक उलटेपालटे. आणि काकांना गिऱ्हाइकासमोर म्हणालो, "आता जुनं चालणार नाही." तेही पाणी कमी पडायच्या दिवसांत, जेव्हा मोटरी जळतात आणि दुकानात पाय ठेवायला जागा नसते.

काका काही बोलले नाहीत. दिवाळीनंतर यायचे बंद झाले.

पुढच्या उन्हाळ्यात मला किंमत कळली. कॉम्प्युटरमध्ये बिल होतं, पण कुणाच्या मळ्यात काय बसलंय ते नव्हतं. चुकीचा माल जायचा, परत यायचा. पंधरा-वीस वर्षांची गिऱ्हाइकं "काका नाहीत का?" विचारायची आणि पुढच्या दुकानात जायची. उधारीची काही नावं तर मला शेवटपर्यंत लागली नाहीत, कारण वहीत फक्त "खालच्या वस्तीवरचे अण्णा" असं लिहिलेलं.

शेवटी मी त्यांच्या घरी गेलो. चहा झाला. मी म्हणालो, "काका, चुकलं माझं, पण कॉम्प्युटर तर लागणारच होता ना?"

ते म्हणाले, "लागणारच होता, बाळा. पण तू मला सांगितलंस. विचारलं नाहीस."

ते परत आले नाहीत. म्हणाले, आता गुडघे उभं राहू देत नाहीत. पण तीन दुपारी त्यांनी मला बसवून गिऱ्हाइकागणिक सगळं लिहून दिलं. आजही ती वही काउंटरखाली आहे, आणि त्यातली माहिती कॉम्प्युटरला चढलीय. बदल बरोबरच होता. पद्धत चुकली आणि एक माणूस गेला.

कोच म्हणजे जादू नाही

पंडित सरांचा पुढचा हिशोबही पूर्ण बघा. विदर्भ २०१८-१९ ला परत जिंकला. मग ते मध्य प्रदेशला गेले आणि २०२२ ला बंगळूरूला मुंबईला हरवून मध्य प्रदेशनं पहिल्यांदा रणजी जिंकली. त्याच मैदानावर १९९९ ला कॅप्टन म्हणून ते मध्य प्रदेशकडून फायनल हरले होते. नंतर आयपीएलला कोलकाता नाइट रायडर्स: २०२३ ला सातवा नंबर, २०२४ ला चॅम्पियन, २०२५ ला आठवा. माणूस तोच, निकाल तीन तऱ्हेचे. जागा, माणसं आणि वेळ जुळावी लागते.

आणि विदर्भाचं काय झालं? पंडित गेल्यावर टीम बसली नाही. २०२३-२४ ला फायनल खेळली. २०२४-२५ ला केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसऱ्यांदा चॅम्पियन झाली. कॅप्टन कोण होता? अक्षय वाडकर, तोच २०१८ च्या फायनलला १३३ मारणारा नवा पोरगा. माझ्या मते नव्या माणसाची खरी परीक्षा हीच: तो गेल्यावर मागं काय उरतं?

पहिल्या ९० दिवसांत एवढं करा

पहिले ३० दिवस: काही बदलू नका. प्रत्येक जुन्या माणसाबरोबर अर्धा तास बसा आणि दोनच प्रश्न विचारा: "काय चांगलं चाललंय?" आणि "तुम्ही मालक असता तर पहिलं काय बदललं असतं?" उत्तरं लिहून ठेवा.

३१ ते ६० दिवस: एकच बदल करा, मंदीच्या दिवसांत. सर्वांत जुन्या माणसाला त्यात पुढं घाला. जुनी पद्धत आणि नवी पद्धत महिनाभर बरोबर चालू द्या.

६१ ते ९० दिवस: प्रत्येक कामाला दुसरा माणूस तयार करा. महिन्यातून एक दिवस मुद्दाम अदलाबदल करा.

आणि पहिल्या दिवसापासून: वेळ आणि हिशोब या दोन गोष्टींत सूट नाही. स्वतःलाही नाही. मालकच साडेदहाला आला, तर नवाच्या शिस्तीचं भाषण कोण ऐकणार?

लाइव्हमधल्या तिघांना माझं उत्तर हे. ताई, पार्लरमधल्या मुलींना आधी विचारा, मग पाटी बदला. किराणावाल्या भावा, वडिलांची वही फेकू नकोस. आणि दुसऱ्या शाखेवाल्यांनी मॅनेजरला एक पूर्ण वर्ष द्या, पण सवयी दर आठवड्याला तपासा.

तुमच्या दुकानात असे "काका" किंवा "मावशी" आहेत का? आज संध्याकाळी शटर ओढायच्या आधी त्यांच्याबरोबर एक चहा घ्या, आणि काय बोलणं झालं ते कमेंटमध्ये लिहा. पुढच्या व्हिडिओत बोलू, उधारीची वही कॉम्प्युटरवर कशी चढवायची ते, तीही माणूस न दुखावता.

भेटू. धंदा करा, नीट करा.