परभणीचं ऊन आणि हायब्रिड गाडी : बॅटरी कधी तापते, गिअरबॉक्स कधी दमतो?

सेलूहून एका श्रोत्यांचा व्हॉइस मेसेज आलाय. ते म्हणतात, "घरी आई-वडील दोघंही थकलेत. महिन्यातून दोनदा संभाजीनगरला दवाखान्यात न्यावं लागतं. हायब्रिड गाडी घ्यायचं चाललंय, पण गावात जो तो म्हणतो, आपल्या उन्हात ती बॅटरी दोन वर्षांत बसते. मग तिचा खर्च कोण करणार?"

प्रश्न एका घराचा वाटतो, पण जिंतूरपासून गंगाखेडपर्यंत गाडी घ्यायला निघालेल्या प्रत्येकाच्या मनात तो आहे. म्हणून आजचा अख्खा भाग यावरच.

उत्तर आधी सांगतो, कारणं मागून. चालत्या गाडीतल्या बॅटरीला ४४ अंशांचं ऊन सोसतं. तिला खरा त्रास होतो तो दोन गोष्टींनी : उन्हात तासन्‌तास उभं राहणं, आणि तिचा हवेचा रस्ता बुजणं. गिअरबॉक्सची भीती तर बरीचशी चुकीच्या जागी आहे.

आता ऊन म्हणजे नेमकं किती ते बघू. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने नोंदवलेलं परभणीचं तापमान आपण मे महिन्यात रोज पेपरात वाचतो. पण बरं का, हवामानवाले तापमान मोजतात ते सावलीत, हवेशीर पेटीत ठेवलेल्या तापमापकावर. बाजार समितीच्या आवारात भर उन्हात उभ्या असलेल्या गाडीचं तापमान म्हणजे तो आकडा नव्हे. अमेरिकेत ॲरिझोनात याची मोजणी झाली होती. बाहेर साधारण ३८ अंश असताना उन्हातल्या गाडीच्या आतली हवा तासाभरात सुमारे ४७ अंशांवर गेली आणि डॅशबोर्ड ६९ अंशांवर. तिथेच सावलीतल्या गाडीत हवा ३८ च्या आसपास आणि डॅशबोर्ड ४८. म्हणजे नुसत्या सावलीने डॅशबोर्डवर वीस अंशांचा फरक! आपल्याकडे तर सुरुवातच ४३-४४ पासून होते.

आता 'हायब्रिड' म्हणजे कोणती गाडी, तेही नीट करून घेऊ, कारण बाजारात हा शब्द दोन वेगळ्या गाड्यांना लावतात. २०१५ मध्ये आलेली मारुतीची सियाझ एसएचव्हीएस ही माइल्ड हायब्रिड. तिच्यात लहान मोटर इंजिनाला थोडा हातभार लावते, गिअरबॉक्स मात्र नेहमीचाच. दुसरी ती स्ट्राँग हायब्रिड : टोयोटाची हायरायडर, इनोव्हा हायक्रॉस, मारुतीच्या ग्रँड विटाराचं स्ट्राँग मॉडेल, होंडा सिटीचं हायब्रिड मॉडेल. यांत गाडी काही अंतर नुसत्या बॅटरीवर चालते. आज आपण या दुसऱ्या प्रकाराबद्दल बोलतोय.

या गाड्यांची बॅटरी अगदी छोटी असते. हायरायडरची जेमतेम पाऊण युनिट वीज साठवते. टाटांच्या नेक्सॉन ईव्हीची सुरुवातीची बॅटरी ३० युनिटांची होती, त्यावरून अंदाज घ्या. छोट्या बॅटरीतून भराभर वीज काढायची, ब्रेक दाबला की भराभर परत भरायची, असं दिवसभर चालतं. म्हणून ती बाहेरच्या उन्हाने तापते तशी स्वतःच्या कामानेही तापते. रसायनशास्त्राचा एक ढोबळ हिशेब आहे : तापमान १० अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. बॅटरीचं म्हातारपण हीसुद्धा रासायनिक क्रियाच.

बॅटरी दोन जातींची. हायरायडर आणि ग्रँड विटारामध्ये लिथियम आयन, हायक्रॉसमध्ये निकेल मेटल हायड्राइड. लिथियमवाली गरम असताना पूर्ण भरलेली राहिली तर लवकर झिजते. निकेलवाली गरम झाली की चार्ज नीट घेत नाही, दिलेल्या विजेचा काही भाग उष्णतेतच जातो. यावर कंपन्यांनी एक शहाणपण केलंय. हायब्रिडची बॅटरी कधी पूर्ण भरू देत नाहीत आणि कधी पूर्ण उतरू देत नाहीत, मधल्या पट्ट्यातच खेळवतात. मोबाइलची बॅटरी आपण शंभरला नेतो आणि शून्यावर आणतो, म्हणून ती लवकर जाते. हायब्रिडची टिकते ती या मधल्या पट्ट्यामुळे.

मग तिला थंड कोण ठेवतं? इथे खरी गंमत आहे. मोठ्या इलेक्ट्रिक गाड्यांत बॅटरीभोवती पाण्यासारखं कूलंट फिरतं. आपल्याकडच्या बहुतेक हायब्रिडमध्ये तसं नसतं. तिथे एक पंखा गाडीच्या आतली, म्हणजे तुम्ही बसता तिथली हवा ओढतो आणि बॅटरीवरून फिरवतो. बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटच्या बाजूला किंवा खाली बारीक जाळी दिसते, तेच बॅटरीचं नाक. म्हणजे तुम्हाला एसीत गार वाटलं की बॅटरीलाही गार वाटतं. आणि मायलेज वाचवायचं म्हणून एसी बंद करून काचा खाली केल्या, की बॅटरीला ४४ अंशांची धुळकट हवा मिळते. वाचलेलं पेट्रोल दुसऱ्या खिशातून जातं.

बॅटरी तापू लागली की गाडीचा कॉम्प्युटर पायरीपायरीने सावरतो. आधी पंखा जोरात फिरवतो. मे महिन्यात मागून घुंss असा आवाज येतो तो हाच. त्याने भागलं नाही तर बॅटरीतून जाणारी-येणारी वीज कमी करतो. मग ब्रेक मारताना चार्जिंग कमी होतं, इंजिन जास्त वेळ चालतं, मायलेज पडतं. त्यातून इंधन वाचवणारी ही गाडी एसीचा कॉम्प्रेसरही विजेवरच चालवते. म्हणून सिग्नलला उभे असताना इंजिन सारखं चालू-बंद झालं तर घाबरू नका. बिघाड नाही तो, एसीला वीज पुरवतंय ते. या सगळ्यावरही भागलं नाही, तरच डॅशबोर्डवर इशारा येतो.

याचं एक उदाहरण सांगतो. मानवतला माझ्या ओळखीचे एक काका आहेत. त्यांची गाडी हंगामभर जिनिंगच्या आवारात उभी असायची. दुसऱ्या उन्हाळ्यात पंखा ओरडायला लागला, मायलेज घसरलं आणि एक दिवस परभणीला येताना इशारा लागला. एका वर्कशॉपने थेट बॅटरी बदलायचं एस्टिमेट हातात दिलं. काका मुळात हिशेबी माणूस. ते म्हणाले, "आधी उघडून तर दाखवा." दुसऱ्या मेकॅनिकने सीटजवळची जाळी काढली. आतल्या फिल्टरवर कापसाच्या तंतूंचा असा थर बसला होता, की जणू गोधडीच! बॅटरीचा श्वास कोंडला होता. फिल्टर साफ केला, इशारा गेला, गाडी पूर्ववत. कापसाचा आणि काळ्या मातीच्या धुळीचा आपला जिल्हा. इथे हा फिल्टर पुस्तकात लिहिलंय त्याच्या आधीच बघायला हवा.

आता गिअरबॉक्स. लोक 'सीव्हीटी' ऐकतात आणि म्हणतात, बेल्ट तापून तुटेल. काही पेट्रोल गाड्यांच्या सीव्हीटीत बेल्ट असतो, ते खरं. टोयोटा-मारुतीच्या स्ट्राँग हायब्रिडमधला ई-सीव्हीटी मात्र नावापुरता सीव्हीटी. त्यात बेल्टही नाही आणि घसरणारी क्लच प्लेटही नाही. मध्ये एक दातांचं चाक, भोवती फिरणारी छोटी चाकं आणि बाहेर एक मोठं कडं. एकाला इंजिन जोडलेलं, एकाला जनरेटर, एकाला मोटर आणि गाडीची चाकं. जनरेटरचा वेग कमी-जास्त केला की इंजिन आणि चाकं यांच्यातलं प्रमाण आपोआप बदलतं. दात दातात कायम अडकलेले, त्यामुळे घासून जळण्यासारखं काही नाही. होंडाची रचना वेगळी. तिथे कमी वेगात इंजिन बहुतेक वेळ फक्त वीज बनवतं आणि हायवेला एका क्लचने थेट चाकांना जोडलं जातं.

मग तापतं काय? मोटरच्या तारांची वेटोळी, आणि विजेचं रूप बदलणारा इन्व्हर्टर. मोटरची उष्णता गिअरबॉक्सचं तेल वाहून नेतं. हे तेल विजेच्या तारांना लागून असतं, म्हणून कंपनीने सांगितलेलंच टाकायचं; दुकानात मिळेल ते स्वस्त तेल चालत नाही. इन्व्हर्टरला स्वतंत्र कूलंट असतं, त्याची टाकी बॉनेटखाली वेगळी दिसते. तिच्यात बोअरचं पाणी कधीही ओतू नका. आपलं पाणी क्षाराचं, आतल्या बारीक नळ्या चोंदतात. पूर्ण भरलेली गाडी चढावर गोगलगायीच्या वेगाने ओढत नेली, तर हे भाग जास्त तापतात आणि कॉम्प्युटर मोटरची ताकद कमी करतो. अशा वेळी जोर लावण्यापेक्षा सावलीत दहा मिनिटं थांबलेलं बरं.

आणखी एक नेहमीचा घोटाळा. उन्हाळ्यात सकाळी गाडी चालूच होत नाही आणि घरभर बोंब होते, 'हायब्रिडची बॅटरी गेली!' बऱ्याचदा गेलेली असते ती १२ व्होल्टची छोटी साधी बॅटरी. गाडीचा कॉम्प्युटर जागा करायचं काम तिचं, आणि उन्हाने सगळ्यात आधी तीच मरते. तिचा खर्च मोठ्या बॅटरीच्या मानाने किरकोळ. आधी ती तपासायला सांगा.

तर करायचं काय? लिंबाची सावली मिळाली तर दोनशे पावलं जास्त चाला, पण गाडी तिथेच लावा. उन्हातून गाडी काढताना आधी दारं उघडून गरम हवा बाहेर जाऊ द्या, मग काचा बंद करून एसी लावा. मागच्या सीटवर पोती, बोचकी, गाद्या ठेवताना ती जाळी झाकू नका. फिल्टर दर उन्हाळ्याच्या तोंडावर आणि कापसाचा हंगाम संपल्यावर बघून घ्या. नारंगी रंगाच्या केबलला मात्र घरचा मेकॅनिक असो की स्वतः तुम्ही, हात लावायचा नाही. त्यात शेकडो व्होल्ट असतात.

आणि गाडी बंद पडली तर ट्रॅक्टरला दोर बांधून ओढत आणू नका. पुढची चाकं फिरली की आतली मोटरही फिरते, वीज तयार होते आणि नुकसान होऊ शकतं. गाडी उचलून नेणारं वाहनच बोलवा.

सेलूच्या दादांना माझं सांगणं असं. टोयोटा आणि मारुती स्ट्राँग हायब्रिडच्या बॅटरीवर ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी देतात; तिच्या अटी घेण्याआधी शोरूममध्ये बसून वाचा. दुबईच्या उन्हात हायब्रिड कॅमरी टॅक्सी म्हणून वर्षानुवर्षं धावतायत, तेव्हा 'दोन वर्षांत बसते' या बोलण्याला फार अर्थ नाही. पण तुमचा प्रवास बहुतेक हायवेचा आहे. हायब्रिडचा खरा फायदा थांबत-थांबत चालणाऱ्या शहरी रस्त्यावर मिळतो, मोकळ्या हायवेला तो कमी होतो. त्यामुळे जास्तीचे पैसे वसूल होतील का, हा हिशेब उन्हापेक्षा महत्त्वाचा आहे. तो मांडा आणि मगच ठरवा. बॅटरीच्या भीतीने मात्र मागे फिरू नका.

प्रश्न पाठवत राहा मंडळी. दुपारी १२ ते ४ गाडीलाही आणि स्वतःलाही सावलीत ठेवा. भेटू पुढच्या भागात.