मुलाच्या दौतीत कोणता रंग?

पेन्सिल सुटून हातात शाईचे पेन येणे, हा एके काळी मराठी घरातला एक छोटासा संस्कारच होता. चौथीपर्यंत पेन्सिल आणि पाचवीत शाई, अशी सर्वसाधारण वाटणी असे. पुढे बॉलपेन आले, जेलपेन आले आणि तो संस्कार मागे पडला. तरीही अक्षराला वळण लागावे म्हणून काही घरांतून, काही शाळांतून मुलांच्या हाती अजून शाईचे पेन दिले जाते. ते घेताना आईवडील चार दुकाने हिंडतात, निब बारीक की जाड याची चर्चा करतात. शाईच्या वेळी मात्र ‘एक निळी द्या’ एवढ्यावर काम भागते. खरे तर थोडा विचार करायचा तो इथेच.

‘शाई’ हा शब्द फारसी ‘स्याही’वरून आला. त्याचा मूळ अर्थच काळेपणा. काजळ, डिंक आणि पाणी यांची काळी शाई आणि बोरू, एवढ्यावर आपल्याकडे शतकानुशतके पोथ्या लिहिल्या गेल्या. हिरडा आणि हिराकस यांचीही शाई होई. निळी शाई घरोघर पोचली ती फाउंटन पेनाच्या जमान्यात. १९३१ साली दि. प. दांडेकर यांनी मुंबईत ‘घोडा छाप’ शाईच्या भुकटीचा आणि वड्यांचा उद्योग सुरू केला; त्यातूनच पुढे ‘कॅमल’ शाई आली आणि पिढ्यान्‌पिढ्यांची बोटे तिने रंगवली.

आता दुकानातल्या ‘निळी’कडे वळू. निळ्या शाईचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. एक रॉयल ब्लू. तिच्या बाटलीवर बहुधा ‘वॉशेबल’ असे लिहिलेले असते. हा रंग क्षारापुढे टिकत नाही, म्हणून साबणाने किंवा धुण्याच्या सोड्याने फिका पडतो. दुसरी ब्लू-ब्लॅक. तिच्या जुन्या पद्धतीच्या प्रकारात हिराकस आणि झाडाच्या गाठींतले टॅनिन असते, म्हणजे आपल्या हिरड्याच्या शाईचेच भावंड. ती लिहिताना निळी दिसते, हवा लागली की काळवंडते आणि कागदात मुरून बसते. हल्लीच्या सगळ्याच ब्लू-ब्लॅक शायांत लोह असते असे नाही, तेव्हा बाटलीवरचा मजकूर वाचून घ्यावा.

बँकेत आमचा जन्म ब्लू-ब्लॅकच्या सहवासात गेला. खातेवहीतली नोंद वीस वर्षांनी कोर्टात दाखवावी लागली तरी वाचता आली पाहिजे, हा त्यामागचा हिशेब. तिथे खोडरबराला मज्जाव होता. आकडा चुकला तर त्यावर एकच सरळ रेघ मारायची, खालचा आकडा वाचता येईल अशी. वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी आद्याक्षरे करायची. चूक लपवायची नाही, तिच्यावर सही करायची! नियम चांगला होता, आणि परक्याचा पैसा सांभाळणाऱ्या प्रौढ माणसाला तो शोभणारा होता.

अडचण अशी, की खातेवहीचा हा न्याय आपण नकळत दहा वर्षांच्या मुलाच्या वहीलाही लावतो. ‘शाई पक्की हवी, म्हणजे पोरगा जपून लिहील’ असे म्हणणारे पालक मी पुष्कळ पाहिले आहेत. पोरगा जपून लिहितो हे खरे. पण कसा जपून?

आमच्या शेजारचा एक मुलगा सहावीत होता. निबंधात खाडाखोड दिसली की त्याचे गुण कापले जात. हातात काळी पक्की शाई. एकदा त्याने मला सहलीचा निबंध दाखवला. तोंडी सांगताना त्याने ‘उत्कंठा’, ‘खळाळता’, ‘विस्तीर्ण’ असे शब्द सहज वापरले होते. वहीत मात्र ‘मला खूप बरे वाटले. नदी मोठी होती. मजा आली’ एवढेच. मी विचारले, “अरे, ते शब्द कुठे गेले?” तो म्हणाला, “आजोबा, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असतं तर?” वही अगदी स्वच्छ होती. ज्या शब्दांची खात्री नव्हती ते त्याने कागदावर येऊच दिले नव्हते. भाषा शिकण्याच्या वयात असली बचत परवडत नाही.

आपले पूर्वज याबाबतीत अधिक समंजस होते. पोथी लिहिताना अक्षर चुकले, तर त्यावर पिवळी हरताळ फासत आणि सुकल्यावर वर नवे अक्षर लिहीत. पिवळसर कागदावर तो डाग फारसा डोळ्यांतही भरत नसे. ‘हरताळ फासणे’ हा आपला वाक्प्रचार तिथूनच आला. जर्मनीत लहान मुले रॉयल ब्लूने लिहितात. तिकडे १९७० च्या दशकात शाई पुसणारी लेखणी आली. तिच्या एका टोकाने निळा रंग नाहीसा होतो. त्या जागी पुन्हा तीच शाई उमटत नाही, म्हणून दुसऱ्या टोकाला वेगळी शाई भरलेली असते. दुरुस्ती करता येईल एवढी लवचीक शाई मुलाला द्यावी, हा विचार दोन्हींकडे सारखाच.

म्हणून माझे मत असे : पहिली बाटली रॉयल ब्लू, धुता येणारी. गणवेशाचा खिसा रंगला तर आधी थंड पाण्याने, मग साबणाने धुवावा. एक पथ्य मात्र पाळावे. या शाईवर पाणी पडले की अक्षरे वाहून जातात, तेव्हा जे जपून ठेवायचे ते तिने लिहू नये. परीक्षेत निळी किंवा काळी शाई लागते, त्यामुळे तिथेही ती चालते. पुढे मोठ्या वर्गात, हात बसल्यावर, ब्लू-ब्लॅक किंवा काळी द्यावी. आणि त्या वेळी बँकेतली ती एक रेघही शिकवावी. चूक पुसता येणे आधी आणि चुकीवर सही करणे नंतर, हा क्रम उलटा करू नये.

दुसरी बाटली मात्र मुलाने स्वतः निवडावी. मग ती हिरवी असो, जांभळी असो, की लाल. आपल्याकडे लाल रंग गुरुजींचा आणि हिरवा साहेबांचा, अशी वाटणी झाली आहे. मुलांच्या मनात लाल म्हणजे चूक, हे समीकरण त्यातूनच घट्ट बसते. पोथीत हाच लाल रंग अध्यायाची सुरुवात, समाप्ती, महत्त्वाचा शब्द दाखवायला वापरत. घरच्या रोजनिशीत, आजीला लिहायच्या पत्रात मुलाने तो खुशाल वापरावा. फक्त लाल शाई उन्हात लवकर विटते आणि जांभळी कपड्यावरून सहसा निघत नाही, एवढे आधी सांगून ठेवावे. सांगावे आणि बाजूला व्हावे.

दोन सूचना व्यवहाराच्या. चित्रकलेची काळी ‘इंडियन इंक’ पेनात कधीही भरू नये. तिच्यात लाख असते, ती सुकून निबेखालची जीभ कायमची बुजते. आणि रंग बदलताना पेन साध्या पाण्याने, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावे. दोन शाया एकमेकींत मिसळू नयेत, साका धरतो. हे धुणे मुलाकडूनच करून घ्यावे. पाच मिनिटांचे काम, पण त्यात पेन त्याचे होते.

दुकानदार शाईच्या बाटल्या काउंटरवर मांडील तेव्हा मुलाला पुढे उभे करा. घरी आल्यावर कागदावर त्याला पहिला शब्द लिहू द्या. तो अवघड शब्द निघाला आणि चुकला, तर रंग बरोबर निवडला असे समजावे.