झिंगन सगळ्यांना माहीत, भेके किती जणांना?

परवा पारशिवनीच्या बॅचमध्ये विचारलं, भारताच्या फुटबॉल टीममधला एक डिफेंडर सांगा. दोघं-तिघं एकदम म्हणाले, संदेश झिंगन. मी म्हटलं, आणि राहुल भेके? सगळे गप. अहो, मुंबईचा पोरगा आहे तो, आपल्या महाराष्ट्राचा!

मार्च 2019, आयएसएलची फायनल, तीही मुंबईतच. 117व्या मिनिटाला कॉर्नरवर हेडर मारून याच भेकेनं बंगळुरूला गोव्यावर 1-0 असा कप मिळवून दिला. 2022 मध्ये त्याच्याच हेडरवर मुंबई सिटीनं इराकच्या एअर फोर्स क्लबला 2-1 हरवलं. एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा तो पहिला विजय. 2024 ला मुंबईचा कॅप्टन म्हणून आयएसएल कपही उचलला. एवढं करूनही तोंडावर नाव झिंगनचंच.

झिंगन कमी नाही हं, अर्जुन पुरस्कारवाला आहे. पण आयएसएलमध्ये 2014 पासून सहा वर्षं तो केरला ब्लास्टर्सच्याच पिवळ्या जर्सीशी जोडलेला राहिला. गेला तेव्हा क्लबनं त्याचा 21 नंबर बाजूला काढून ठेवला. भेके क्लब बदलत गेला. गिऱ्हाईकही असंच असतं, रोज दिसतो तोच चेहरा ओळखतं.

माझ्या दुकानाचं गोडाऊन सांभाळणारे दादा आठ वर्षांपासून आहेत. सीझनला माल कधी कमी पडू दिला नाही. गेल्या शनिवारी पहिल्यांदा त्यांना काउंटरवर बसवलं. रोजचंच एक गिऱ्हाईक मला म्हणे, "भाऊ, नवीन माणूस ठेवला का?"