थाळनेर: खान्देशची विसरलेली राजधानी

शिरपूर स्टँडवर एका पोराने विचारलं, "भाऊ, थाळनेरला बघण्यासारखं काय आहे?" म्हणून ही पोस्ट.

फारुकी सुलतानांची ही पहिली राजधानी. बऱ्हाणपूर नंतरचं! घराण्याचा संस्थापक मलिक राजा १३९९ मध्ये वारला, त्याची कबर इथेच. मकबऱ्यांपैकी अष्टकोनी असलेला आधी गाठा. त्याच्या दगडी कोरीवकामापुढे बाकीचे साधेच वाटतात.

सुरत बंदरातून बऱ्हाणपूरला जाणारी व्यापारी वाट थाळनेरवरून जायची.

तापीकाठच्या किल्ल्याचे मात्र अवशेषच उरलेत. १८१८ मध्ये इंग्रजांनी तो घेतला आणि किल्लेदार तुळशीराम मामांना फाशी दिलं.

उन्हाळ्यात सकाळीच जा, दुपारी खान्देशचं ऊन कुणाची गय करत नाही. काही विचारायचं असेल तर कमेंटमध्ये विचारा.