डोलोरेस म्हणजे काय गं?

उन्हाळ्यात भाची आली होती. तिने लॅपटॉपवर ‘डोलोरेस’ नावाचा २०१७ चा माहितीपट दाखवला. अमेरिकेतल्या शेतमजुरांसाठी झटणाऱ्या डोलोरेस वेर्ता यांच्यावरचा. अकरा मुलांची आई, आणि १९६२ साली सीझर चावेझ यांच्या जोडीने शेतमजुरांची संघटना काढणारी बाई! ‘सी, से प्वेदे’, म्हणजे ‘हो, जमतं’, ही १९७२ मधली घोषणा तिचीच.

पण मैत्रिणींनो, मी अडकले ती नावापाशी. स्पॅनिशमध्ये ‘डोलोरेस’ म्हणजे दुःखं. एक नव्हे, अनेक! पोटच्या पोरीला कुणी असं नाव ठेवतं का? मला आपली नकुशीच आठवली. सातारा जिल्ह्यात २०११ साली अडीचशेहून जास्त नकुशींना नवी नावं मिळाली खरी, पण आमच्या बचत गटातली एक जण चाळिशी उलटली तरी तीच सही करायची. सही करताना मान खाली.

डोलोरेसचं मात्र तसं नाही. मूळ नाव ‘मारिया दे लोस डोलोरेस’, दुःखांची मारिया. डोळ्यांदेखत मुलाला क्रुसावर जाताना पाहणारी येशूची आई. तिची सात दुःखं मानतात, म्हणून चित्रांत तिच्या काळजात सात तलवारी रुतलेल्या असतात. म्हणजे हे नाव लेकीचा राग म्हणून नाही, देवीचं म्हणून ठेवलेलं. आपल्याकडे रेणुका, अंबिका ठेवतात तसं. सोलेदाद म्हणजे एकाकीपण, कोन्सुएलो म्हणजे सांत्वन, मर्सिडीज म्हणजे कृपा, ही सगळी मारियाचीच नावं. (हो, ती मोटारही एका व्यापाऱ्याच्या मुलीच्या नावावरून!)

मेक्सिकोत ईस्टरच्या आधी, झावळ्यांच्या रविवारच्या अलीकडच्या शुक्रवारी, या दुःखी मातेचा दिवस असतो. ग्वानाह्वातो शहरात घरोघरी तिची आरास मांडतात. जांभळं कापड, संत्री, फुलं, आणि भांड्यात उगवलेले गव्हाचे कोंब, अगदी आपल्या घटासारखे! येणाऱ्याला फळांचं गार सरबत देतात. ते म्हणे मातेचे अश्रू. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आपण पन्हं देतो, तोही जवळपास त्याच दिवसांत. हे वाचलं तेव्हा ती परकी बाई मला शेजारच्या आळीतली वाटायला लागली. त्या दिवशी गावातल्या सगळ्या डोलोरेसचं कौतुक होतं.

याच नावाचं लाडकं रूप लोला, लोलिता. १९५५ च्या एका इंग्रजी कादंबरीने ‘लोलिता’ बदनाम केलं. त्यातल्या पोरीचं खरं नाव डोलोरेसच. अत्याचार तिच्यावर झाला, आणि डाग तिच्याच नावाला लागला. असं का व्हावं?

हे सगळं मी गटात सांगितलं. सह्यांची वही पुढे सरकवत ती आमची मैत्रीण म्हणाली, ‘‘ताई, तिला घरात हाक काय मारतात म्हणालात?’’

‘‘लोला.’’

‘‘हे ब्येस आहे,’’ म्हणाली, आणि पहिल्यांदाच सही करताना हसली.