वाऱ्याच्या भरवशावर बांधलेली गाडी

सपाट रस्त्यावर ताशी 50 किलोमीटरच्या एकसारख्या वेगाने मोटारसायकल चालवायला किती ताकद लागते? गाडी आणि चालवणारा मिळून दोनशे-सव्वादोनशे किलो वजन धरा, समोरून येणारी हवा धरा, टायर फिरताना रस्त्यावर जाणारी शक्ती धरा. उत्तर येतं दीड ते दोन हॉर्सपॉवर. बस्स, एवढंच.

स्प्लेंडरकडे आठ हॉर्सपॉवर आहेत. यामाहाच्या आर15 कडे 18.4. पुण्याजवळ चाकणला तयार होणाऱ्या केटीएम आरसी 390 कडे तर 43 च्या वर. संध्याकाळी साडेसहाला हिंजवडीतून सुटून या तिघी भूमकर चौकाच्या रांगेत येतात, तेव्हा तिघींचाही वेग एकच असतो. मग बाकीचे घोडे पोसायचे कशाला, हा प्रश्न घरातली वडीलधारी मंडळी नेहमी विचारतात आणि तो अजिबात अडाणी नाही.

उत्तर हवेत आहे. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो. शिवाय ती चौपट जड झालेली हवा दुप्पट वेगाने कापायची असते, म्हणून हवेपोटी लागणारी ताकद आठपट होते. ताशी 50 ला दोन हॉर्सपॉवरमध्ये भागत होतं, तिथे 100 ला दहाच्या आसपास लागतात. त्यापुढचा प्रत्येक किलोमीटर आणखी महाग. स्पोर्ट्स बाईक ही या एका गणिताभोवती बांधलेली वस्तू आहे. फेअरिंग, वाकून बसवणारं हँडल, मागे उचललेले फूटरेस्ट, उंच आरपीएमला खुलणारं इंजिन, सगळं काही समोरून जोराचा वारा येणार हे गृहीत धरून केलेलं. आणि रोजच्या ऑफिसच्या वाटेवर नेमका तोच येत नाही.

सगळ्यात गमतीचा पुरावा मनगटात सापडतो. ताशी 100 च्या वेगाला समोरची हवा दर चौरस मीटरला सुमारे 47 किलो वजनाइतका दाब देते. त्यातला जो काही हिस्सा छातीवर आणि खांद्यांवर येतो, तो पुढे झुकलेल्या धडाला मागे रेटतो. म्हणजे वारा चालवणाऱ्याला चक्क टेकू देतो, आणि हातांवरचा भार हलका होतो. आता वेग 30 वर आणा. दाब अकरा पटींनी घसरून चार किलोंच्या घरात येतो. टेकू गेला. वाकलेलं धड, पाच किलोंचं डोकं आणि वर हेल्मेट, हे सगळं तळहातांवर येऊन बसतं. वारज्यापासून वाकडपर्यंत दुखणारी मनगटं ही गाडीच्या रचनेतली चूक नव्हे. त्या रचनेतला एक भाग, म्हणजे वारा, गैरहजर असल्याचा तो परिणाम आहे.

या बसण्याची वंशावळ लंडनपर्यंत जाते. 1950-60 च्या दशकांत नॉर्थ सर्क्युलर रोडवरच्या एस कॅफेवर जमणारी पोरं आपल्या साध्या गाड्यांची उंच हँडलं काढून फोर्कच्या नळ्यांवरच घट्ट आवळलेली क्लिप-ऑन हँडलं लावत, फूटरेस्ट मागे सरकवत. ध्येय एकच, ताशी शंभर मैल. पुढे 1985 मध्ये सुझुकीच्या जीएसएक्स-आर750 ने शर्यतीच्या गाडीची हुबेहूब रचना दिवे आणि नंबरप्लेट लावून थेट शोरूममध्ये आणली. भारतात 2008 च्या आर15 ने हीच बैठक दीडशे सीसीत आणि कॉलेजच्या पोरांच्या आवाक्यात आणली. गंमत अशी, की आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे दुचाकीवर मागे बसणाऱ्याला धरायला पकड हवी, पाय ठेवायला फूटरेस्ट हवा आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकलेला हवा. शर्यतीच्या घराण्यातली गाडी आणि तिला साडी गार्ड! मला हे दृश्य फार आवडतं.

आता इंजिनाकडे वळू, कारण खरी थक्क करणारी गोष्ट तिथे आहे. आर15 चा पिस्टन 58.7 मिलिमीटर वरखाली करतो, म्हणजे चार बोटांपेक्षाही कमी. 10,000 आरपीएमला, जिथे तिची पूर्ण ताकद मिळते, तो एका सेकंदात 333 वेळा पूर्ण थांबतो आणि पुन्हा सुटतो. एवढं थांबूनही त्याचा सरासरी वेग ताशी 70 किलोमीटर भरतो! टोकाला पोचून उलटं वळताना त्याच्यावर येणारा ताण गुरुत्वाकर्षणाच्या तीन हजार पटींहून अधिक असतो. शंभर ग्रॅमचा पिस्टन असेल तर त्या क्षणी तो तीनशे किलोंहून जड झालेला असतो. आणि हे इंजिन वर्षानुवर्षं चालतं, सर्व्हिसिंगला आपण फक्त ऑइल बदलतो.

एवढ्या घाईत सिलिंडरमध्ये हवा भरायची कशी? इथे इंजिन बनवणारे एक सुंदर युक्ती करतात. हवेलाही वजन असतं, त्यामुळे एकदा वेगाने आत शिरू लागली की ती लगेच थांबत नाही. म्हणून पिस्टन तळाला जाऊन परत वर निघाला, तरी इनटेक व्हॉल्व्ह थोडा वेळ उघडाच ठेवतात. उंच आरपीएमला हवेचा लोंढा आपल्याच जोरावर आत घुसत राहतो आणि सिलिंडर ठासून भरतो. पण 3,000 आरपीएमला त्या लोंढ्यात जोरच नसतो. व्हॉल्व्ह तसाच उशिरापर्यंत उघडा राहिला, तर वर येणारा पिस्टन भरलेली हवा उलट बाहेर ढकलतो. शर्यतीसाठी घडवलेलं इंजिन खालच्या आरपीएमला मरगळतं, ते यामुळे.

आर15 च्या 155 सीसी इंजिनात यावर तोडगा आहे. इनटेकसाठी दोन वेगळे कॅम, एक बेताचा आणि एक मोठा. 7,400 आरपीएमच्या आसपास एक छोटा सोलेनॉइड पिन सरकवतो आणि इंजिन मोठ्या कॅमवर जातं. एकाच डोक्यात दोन स्वभाव! सिंहगड रोडवरून रोज ऑफिसला जाणाऱ्याच्या गाडीतला तो मोठा कॅम मात्र आठवडाभर नुसताच फिरत असतो, त्याच्यावर काम येतच नाही. पण त्याच्यामुळेच दुसरा कॅम शहरासाठी निवांत घडवता आला, हेही विसरायला नको.

उष्णतेचा हिशोब तर विजेच्या बिलाच्या भाषेत मांडता येतो. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट ऊर्जा असते, इथेनॉल मिसळल्यावर थोडी कमी. गाडी 45 चं अ‍ॅव्हरेज देत असेल आणि तुम्ही ताशी 45 ने जात असाल, तर तासाला एक लिटर, म्हणजे नऊ युनिट जळतात. त्यातलं जेमतेम एक युनिट गाडी पुढे नेण्याच्या कामी येतं. उरलेली आठ उष्णता होऊन सायलेन्सरमधून, रेडिएटरमधून आणि इंजिनाच्या अंगातून बाहेर पडतात. दोन किलोवॅटचा गीझर चार तास चालेल इतकी ही ऊर्जा, आणि ती तुमच्या दोन मांड्यांच्या मध्ये तयार होत असते. पळत्या गाडीत रेडिएटरवरून वारा वाहतो आणि काम भागतं. सिग्नलला इंजिन कमी पेट्रोल जाळतं, पण वाराच नसल्याने शीतक तापत जातं. ते उकळू नये म्हणून दाबाखाली ठेवलेलं असतं, कारण दाब वाढला की उकळायला जास्त तापमान लागतं. मग पंखा सुरू होतो आणि रेडिएटरची गरम हवा मागे फेकतो. मागे म्हणजे तुमच्या पायांवर. मे महिन्यात स्वारगेटला दुपारी हे अनुभवावं.

हळू चालताना तोल सांभाळणंही जड जातं, आणि तेही भौतिकशास्त्राला धरूनच आहे. दुचाकी काही वेगानंतर स्वतःच स्वतःला सावरते. पडू लागली की पुढचं चाक पडण्याच्या दिशेला वळतं आणि गाडी पुन्हा सरळ होते. हे फिरत्या चाकांच्या जायरोस्कोपिक परिणामामुळेच होतं, असा समज होता. 2011 मध्ये अँडी रुइना, आरेंड श्वाब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' नियतकालिकात दाखवून दिलं, की तो परिणाम रद्द केलेली सायकलही आपली आपण सरळ चालू शकते. इतकी जुनी वस्तू, आणि ती उभी का राहते हे आपण अजून शिकतोच आहोत. चालत्या माणसाच्या वेगाला मात्र हे सावरणं गायब होतं आणि सगळं काम चालवणाऱ्याच्या हाताकडे येतं. स्पोर्ट्स बाईकचं हँडल अरुंद, आणि फेअरिंगमुळे फारसं वळतही नाही. सोसायटीच्या गेटमधून एका दमात यू-टर्न घेणारी स्कूटी तेव्हा हेवा वाटावा अशी भासते.

एवढं असूनही ही गाडी शहरात निरुपयोगी नाही, हाच मला खरा चमत्कार वाटतो. शर्यतीसाठी शोधलेला स्लिपर क्लच घ्या. चालवणाऱ्याने पटापट गिअर उतरवले तर मागचं चाक घसरू नये, हे त्याचं मूळ काम. त्याच्या जोडीला येणारी असिस्ट यंत्रणा क्लचच्या प्लेटा स्वतःच एकमेकींवर दाबते, त्यामुळे स्प्रिंगा हलक्या वापरता येतात आणि लिव्हर मऊ होतो. ट्रॅकवरची ही करामत कर्वे रोडवर हाफ क्लचने सरकणाऱ्या डाव्या हाताचं पुण्यकर्म करून जाते.

ब्रेकचंही तसंच. रिक्षा न सांगता वळते, कुत्रं आडवं येतं, तेव्हा चांगल्या डिस्क आणि चिकट टायर ताशी 40 लाही तितकेच कामाचे. एबीएस दर क्षणी चाकाचा वेग मोजत राहतं आणि चाक जाम होऊ लागलं की ब्रेकचा दाब सेकंदात अनेकदा सोडून पुन्हा धरतं. 125 सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एप्रिल 2019 पासून ते सक्तीचंच आहे. पहिल्या पावसात, रस्त्यावर ऑइल आणि चिखल एकत्र झालेला असताना, याची किंमत कळते.

मात्र ज्या वाऱ्यासाठी ही गाडी बांधली, तो मिळवायची वाट आपल्याकडे अरुंद आहे. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी, वांद्रे-वरळी सागरी सेतूवर बंदी, अटल सेतूवर बंदी. म्हणजे राज्यातले सर्वांत वाहते रस्ते राज्यातल्या सर्वांत वेगवान दुचाक्यांना वर्ज्य. हजार सीसीच्या गाड्या तर पहिल्याच गिअरमध्ये शंभरी सहज ओलांडतात. शहरात त्यांचे उरलेले पाच गिअर शोभेचे.

तेव्हा माझा कौल असा. घर ते ऑफिस सात-आठ किलोमीटर, सगळं सिग्नलांचं आणि रोज कुणीतरी डबलसीट असेल, तर स्कूटरला तोड नाही. वाटेत बायपाससारखा मोकळा पट्टा असेल आणि शनिवार-रविवारी ताम्हिणीकडे जायची ओढ असेल, तर दीडशे-दोनशे सीसीची स्पोर्ट्स बाईक रोज चालवता येते. फक्त शरीराचा भार हातांवर टाकू नका. गुडघ्यांनी टाकी आवळून धरा, पोटाचे स्नायू कामाला लावा आणि लॅपटॉपची जड सॅक खांद्याला न अडकवता मागच्या सीटवर नीट बांधा. हजार सीसीची घ्यायची असेल तर हौस म्हणून जरूर घ्या, ऑफिसचं कारण पुढे करू नका. आणि शोरूमवाल्याकडे टेस्ट राइड मागताना रविवार सकाळची नको, मंगळवार संध्याकाळी साडेसहाची मागा.